कलावतीच्या बांगड्या

सकाळी सव्वाआठला काळुराम शेठचा फोन आला, तेव्हा रसिकाच्या तोंडात दात घासायचा ब्रश होता.

"रसिका, ये लवकर. पन काय छापू नको."

ही दोन वाक्यं एका दमात बोलणारा माणूस घाबरलेला असतो, हे रसिकाला बावीस वर्षांच्या नोकरीत पक्कं ठाऊक झालं होतं. डोंबिवलीच्या एका साप्ताहिकात ती कलांचं सदर लिहायची. कुठे नाटकाचा प्रयोग रद्द झाला, कुठे चित्रप्रदर्शनाला चहावाल्याशिवाय कुणी फिरकलं नाही, कुणाला पुरस्कार मिळाला आणि तो कसा मिळाला, असलं सगळं. वाचणारे थोडे, चिडणारे पुष्कळ.

"शेठ, झालं काय?"

"साईनाथ सरांची रांगोली. तोंडच पुसलंय कुनीतरी."

रसिकाने ब्रश बेसिनमध्ये टाकला आणि रिक्षा पकडली.

ठाकुर्लीतल्या एका बंद शाळेत दरवर्षी दिवाळीला व्यक्तिचित्रांच्या रांगोळ्यांचं प्रदर्शन भरायचं. जागा काळुराम शेठच्या वडिलांनी दिलेली, त्यामुळे मंडळाचे अध्यक्षही शेठच. यंदा चौदा कलाकार होते आणि विषय होता 'घरचं माणूस'. उद्घाटन आज संध्याकाळी पाचला.

चौदातल्या नऊ जणांना रांगोळी साईनाथ सरांनीच शिकवलेली. सर त्रेसष्ट वर्षांचे. गेल्या वर्षी त्यांना क्षय झाला, नऊ महिने गोळ्या चालल्या, गेल्या दिवाळीचं प्रदर्शन हुकलं. ते यंदा परत मांडताहेत हे रसिकानेच सदरात लिहिलं होतं, आणि एवढ्या कौतुकाने लिहिलं होतं की संपादकांनी त्यातली तीन विशेषणं कापली.

सरांनी हॉलमधली जागा नको म्हणून कोपऱ्यातला वर्ग मागून घेतला होता. धूळ सोसत नाही, म्हणाले होते.

त्या वर्गाच्या दारात रसिका थबकली.

सहा फूट बाय आठ फूट. जांभळी साडी, तिच्या चुण्या अशा की हाताने सारख्या कराव्यात. मांडीवर ठेवलेले दोन हात, कामाने राठ झालेले, गव्हाळ. मनगटात सोन्याच्या वाटाव्यात अशा बांगड्या. केस, कान, कुडी. आणि मधे, जिथे चेहरा असायला हवा, तिथे उघडी फरशी.

साईनाथ सर खिडकीखाली खुर्चीत बसले होते. छातीला हिरवी फीत होती. मंडळाच्या कार्यकर्त्यांना हिरवी आणि कलाकारांना लाल फीत दिली होती. सरांना कुणीतरी चुकीची दिली असावी, असं रसिकाच्या मनात येऊन गेलं.

"कोण होतं सर, चित्रात?"

"कलावती. माझी बायको. चाळीस वर्षांत तिला कधी काढलं नव्हतं. म्हटलं, यंदा काढू. जन्मात याहून चांगला चेहरा जमला नाही मला, रसिका. काल संध्याकाळी सातला संपवला आणि घरी जाऊन झोपलो. तिला आज संध्याकाळी एकदमच दाखवणार होतो." त्यांनी उघड्या फरशीकडे बोट दाखवलं. "ज्याने केलं त्याला पोलिसांत द्या. मी सही करतो."

"ज्याने क्येलं तो हितंच हाय," दारातून काळुराम शेठ म्हणाले. त्यांच्या मागे शाळेचा राखणदार धाकू उभा होता, टोपी हातात चुरगाळत. "किल्ली याच्याकडं. काल सरांशी भांडनपन याचंच झालं."

रसिका धाकूकडे वळली. "भांडण कशावरून?"

"मी दारात बिडी ओढीत व्हतो बाय. सर बोलले, खोकला येतो. मी बोललो, दार लावा."

"बस?"

"बस."

"किल्ली कुठे असते?"

"माज्या खोलीभायेर खिळ्याला. सगल्यांनाच म्हाईत हाय."

"हा सांच्याला खोली खाली करील," शेठ म्हणाले.

धाकूचं खडवलीचं घर भावाने कधीच घशात घातलं होतं. शाळेच्या कुंपणातली ती पत्र्याची खोली गेली, तर त्याला जायला जागा नव्हती. हे शेठलाही माहीत होतं आणि म्हणूनच ते रसिकाच्या नजरेला नजर देत नव्हते.

रसिका रांगोळीच्या कडेला गुडघ्यावर बसली. चेहरा बरोबर मधोमध होता. कडेपासून तिथवर कुणाचाच हात पुरत नाही. तरी साडीवर पायाचा ठसा नव्हता, एक चुणीही विस्कटली नव्हती.

"धाकू, तू हे पुसायचं ठरवलंस तर कसं पुसशील?"

धाकू बावचळला. "क्येरसुनीने. नायतर पाय फिरवून."

"हं."

चित्राच्या दोन्ही बाजूंना विटा रचलेल्या होत्या आणि लांब फळी भिंतीला टेकवून ठेवली होती. विटांवर फळी आडवी टाकायची, तीवर बसायचं आणि मधला भाग भरायचा, ही रांगोळीवाल्यांची रीत.

तिने वाकून उघडी फरशी पाहिली. फरशी लख्ख होती. रंग फिसकटलेला नव्हता, तो नीट गोळा करून उचलून नेलेला होता. फक्त दोन फरश्यांच्या सांध्यात केसाएवढी रेघ उरली होती. पोपटी.

भिंतीलगत बाकावर स्टीलचे बावीस डबे ओळीने मांडले होते, सगळे सारखे, एकावरही चिठ्ठी नाही. तिने झाकणं उघडून पाहिली. बहुतेक डबे अर्धेमुर्धे भरलेले होते. सातवा गव्हाळ. आठवा फिकट पोपटी, पार तळाला गेलेला.

"सर, काल काय क्रमाने काम केलंत?"

"नेहमीच्याच. साडी, हात, केस दुपारपर्यंत. दीडला जेवायला गेलो. आल्यावर बांगड्या आणि मग चेहरा. चेहरा मी कायम शेवटी घेतो."

"बांगड्या कोणत्या रंगाच्या?"

सरांना हा प्रश्न बावळट वाटला. "हिरव्या! सवाष्णीच्या हातात दुसऱ्या कोणत्या असणार? तिच्या फिक्या पोपटी बांगड्या आहेत, तशाच काढल्यात. समोर तर आहेत."

रसिकाने पुन्हा मनगटांकडे पाहिलं. मग शेठकडे. शेठ तोंड उघडणार, तेवढ्यात तिने मान हलवून त्यांना गप्प केलं.

हॉलमध्ये तेरा रांगोळ्या पूर्ण होत्या आणि तेरा कलाकार रात्रभराच्या जागरणाने तारवटलेले. प्रीतम आपल्या रांगोळीच्या कडा कापडाने साफ करत होता. हा सरांचा लाडका. बापाविना पोर म्हणून सरांच्या घरी जेवून वाढलेला, आता तीस वर्षांचा. त्याच्या रांगोळीत त्याची आई होती आणि तिच्या खांद्यावर पोपट.

"प्रीतम, ग्रुपवर सगळ्यांचे फोटो तू टाकतोस ना?"

"हो मॅडम. दरवर्षी मीच."

"आज किती टाकलेस?"

"सगळे."

रसिकाने मोबाइल त्याच्यापुढे धरला. "तेरा आहेत. सरांचा नाही. सगळ्यात आधी ज्यांचा काढायचा, त्यांचाच नाही?"

"राहून गेला. मी काढायला गेलेलो, पण तोवर ते... पुसलेलं होतं."

"कधी गेलेलास?"

"आठला. सगळ्यांबरोबर."

तेवढ्यात कलावतीबाई आल्या. कुणीतरी फोन केला असणार. हातात पिशवी, मनगटात पोपटी बांगड्या. प्रीतमच्या रांगोळीशी पावलं थांबली, आणि इतक्या गोंधळातही त्यांच्या तोंडून निघून गेलं, "अरे, ही तर माझी गव्हाळ. गेरू घालून मीच कालवते ती. मागून घेतलीस होय?"

प्रीतम पुन्हा कडा पुसायला लागला.

रसिकाने कलावतीबाईंना व्हरांड्यात नेलं. "काकू, डबे तुम्ही लावता?"

"मीच. रंग कालवायचे मी, ओळ लावायची मी. त्यांना सवय आहे."

"आणि डबा कुणी हलवला तर?"

कलावतीबाईंनी पदर तोंडाला लावला. मग म्हणाल्या, "तू हे लिहिणार आहेस का?"

"नाही."

"मग विचारूही नकोस गं."

रसिकाला सगळं कळलं होतं, आणि कळल्याचा काडीचाही आनंद तिला झाला नाही. तिने शेठना हळूच ऑफिसात बोलावलं, प्रीतमलाही घेतलं. चार भिंतींत सांगायचं, धाकूला सोडवायचं, सरांना काही कळू द्यायचं नाही. बेत चांगला होता. पण दार लावायला ती वळली, तर उंबऱ्यात सर उभे होते आणि त्यांच्यामागे कलावतीबाई.

"माझं चित्र पुसलंय," सर म्हणाले. "माझ्यासमोर बोल."

"सर, धाकूने नाही केलं. तेवढंच पुरे ना?"

"मग कुणी केलं? नाव सांग. नाहीतर मी त्या धाकूवरच सही करतो."

आता सुटका नव्हती. रसिका बोलू लागली, आणि बोलताना तिने एकदाही सरांकडे पाहिलं नाही.

"धाकूने पाय फिरवला असता. हे पुसणारा फळी टाकून, तीवर बसून गेलाय. बाकी चित्राला धक्का लागू नये, याची त्याने काळजी घेतलीय. म्हणजे तो रांगोळीवाला आहे आणि त्याला चित्राचा राग नाही. मग चेहराच का पुसला? आणि पुसलेला रंग उचलून का नेला? कारण तो रंग कुणाला दिसता कामा नये होता. फरशीच्या सांध्यात थोडा राहिलाय. पोपटी आहे."

"पोपटी? चेहऱ्यात पोपटी कशाला येईल?" सर म्हणाले.

"आठवा डबा तळाला गेलाय सर. पण चित्रात पोपटी कुठेच नाही. बांगड्याही गव्हाळ आहेत. तुम्ही जेवायला गेलात, तेव्हा कुणीतरी सातवा आणि आठवा डबा नेला आणि ठेवताना अदलाबदल केली. तुम्ही ओळीतला डबा मोजून घेता, रंग बघून नाही. सकाळी फीत घेतलीत तीही हिरवी, आणि तुम्हाला कळलं नाही." ती थांबली. "ज्याला आईच्या चेहऱ्याला गव्हाळ हवा होता आणि पोपटाला पोपटी, त्याने ते डबे नेले. काकूंनी आपला रंग आत्ता ओळखला. आणि ज्याने तेरा फोटो काढले, त्याने चौदावा काढला नाही, कारण तो काढण्यासारखा नव्हता."

शेठ खाली बसले. प्रीतमने खिशातून वर्तमानपत्राची पुडी काढली आणि टेबलावर उघडली. आत मूठभर फिकी पोपटी रांगोळी होती, मधे काळ्याचे आणि लालचे कण.

"टाकवली नाही मला," तो म्हणाला. "सर, मी सहा वाजता फोटो काढायला गेलो. काकूंचा चेहरा हिरवा होता. आधी वाटलं, तुम्ही मुद्दाम केलंय. मग बांगड्या बघितल्या आणि आठवलं, डबे मीच ठेवले. घाईत ठेवले. तुम्हाला दिसत नाही, हे मला माहीतच नव्हतं हो. मग मी ते परत जागेवर लावले आणि..."

"मला उठवायचंस."

"उठवून काय सांगणार होतो? पाचला लोक येणार, सगळ्यांच्या हातात मोबाइल. पुसलेली रांगोळी बघून लोक हळहळले असते सर. हिरवी बघून हसले असते. तुम्हाला कुणी हसलेलं मला चाललं नसतं. धाकूचं नाव येईल असं वाटलं नव्हतं. आलं, तेव्हा तोंडच उघडेना."

सरांनी पुडीकडे पाहिलं. तो रंग त्यांना राखेसारखा दिसत असणार.

"गोळ्या संपता संपता सुरू झालं," ते म्हणाले. "लाल नाही, हिरवं नाही. डॉक्टर म्हणाले, त्या गोळ्यांनी हजारात एखाद्याला होतं, डोळ्याची नस सुकली, आता रंग परत येणार नाहीत. मी म्हटलं, डोळे गेले तर गेले, हात आहे. ओळ आहे. कुणाला कळणारही नाही." मग त्यांनी विचारलं, "सारखा होता का रे? चेहरा?"

"हुबेहूब," प्रीतम रडत म्हणाला. "काकूच होत्या. फक्त रंग."

कलावतीबाईंनी पिशवी खाली ठेवली.

"फळी टाक रे प्रीतम," त्या म्हणाल्या. "पाचला अजून वेळ आहे. डबा मी हातात देते. चुकायचा प्रश्नच नाही."

फळी पडली. सर चढून बसले. कलावतीबाई कडेला बसल्या आणि त्यांनी सातवा डबा उघडून पुढे धरला. सरांनी चिमूट घेतली आणि कपाळाची कड सोडली. रेघ सुरेख आली. दारात गर्दी करून उभ्या असलेल्या पोरांपैकी कुणीतरी श्वास सोडला.

दुसरी चिमूट घेताना ते थांबले. "हाच ना?"

"हाच."

तिसऱ्या चिमटीला पुन्हा. "हाच ना गं?"

"अहो, तोच डबा आहे."

चौथीला त्यांनी चिमूट डोळ्यांशी नेली. पाचवीला प्रीतमला विचारलं. सहावीला रसिकाला विचारलं. "हो सर," ती म्हणाली. काल हाच माणूस चार तास कुणाला न विचारता चेहरा भरत होता. चुकीच्या डब्यातून का होईना, पण भरत होता. धाकूची खोली वाचवताना आपण काय मोडलं, ते तिच्या डोळ्यांसमोर फळीवर बसलं होतं.

सातव्या चिमटीला त्यांनी विचारलं नाही. हात अधांतरी राहिला, बोटं सैल झाली आणि रांगोळी जांभळ्या साडीवर सांडली.

"मी धरते तुमचा हात," कलावतीबाई म्हणाल्या.

"नको."

ते फळीवरून उतरले. उतरताना पाय साडीच्या चुण्यांवर पडला, तो त्यांनी उचललाही नाही.

"धाकू," ते म्हणाले, "केरसुणी आण."

धाकूने शेठकडे पाहिलं, मग कलावतीबाईंकडे. कलावतीबाई बांगड्या कोपराकडे सारून डब्यांची झाकणं लावायला लागल्या होत्या. मग तो केरसुणी आणायला गेला.