राहिलेली ओळ

माझा अभिमनमामा गोष्टी रचून सांगणारा माणूस नव्हता. त्याने सांगितलं तसंच लिहितेय. पटलं नाही तरी चालेल.

१९७१ चा मे महिना. धुळ्यातला एक छोटा छापखाना.

रात्र नव्हती. भर दुपार होती.

मामा तिथे प्रुफं तपासायचा. जोडीला बन्सीलालभाऊ. भाऊंनी हाताने लिहिलेल्या कागदावरून एकेक ओळ मोठ्याने वाचायची. मामाने ती प्रुफात पाहून "हं" म्हणायचं. "हं" आलं की पुढची ओळ. कागद संपेपर्यंत हेच.

त्या दिवशी एका समाजातल्या कुटुंबांची यादी होती. फळीच्या आडोशापलीकडे, झरोक्याखाली भाऊ बाकावर. अलीकडे टेबलाशी मामा. झळा येतात म्हणून दार लोटलेलं.

"घसा सुकला रे. पाणी पिऊन येतो," म्हणत भाऊ बाहेर गेले. दार करकरलं.

थोड्या वेळाने पलीकडून वाचन सुरू झालं...

"उत्तमचंद, बोदवड."

मान वर न करता मामा म्हणाला, "हं."

"गुलाबबाई, धरणगाव."

"हं."

असं करत प्रुफावर एकच ओळ उरली.

"उत्तमचंद, बोदवड."

"भाऊ, हे झालं. शेवटची राहिली."

पलीकडे शांत. मामाने नुसतंच "हं" केलं...

"गुलाबबाई, धरणगाव."

तेव्हा त्याच्या लक्षात आलं. दार परत करकरलंच नव्हतं.

त्याने उठून फळीपलीकडे पाहिलं.

बाक रिकामं. त्यावर कागद. आवाज तिथूनच येत होता. भाऊंचाच.

मामा दाराकडे धावला. कडी लावलेली नव्हती. तरी दार हलेना. खांदा लावला. नाही. बाहेर टांगा नाही, कावळा नाही, माणसाचा आवाज नाही.

"हं" म्हटलं नाही तर वाचन थांबायचं. पण मग छाती दाटायची, खोलीतली हवाच कुणी ओढून घेतल्यासारखी. "हं" म्हटलं की श्वास यायचा...

आणि पुढची ओळ.

दर फेरीला शेवटची ओळ सोडून पुन्हा पहिली.

किती फेऱ्या झाल्या, मामाला सांगता यायचं नाही. मामी तेव्हा पोटुशी होती. "वाटलं, पोराचं तोंड बघायला मी राहत नाही," एवढंच तो म्हणायचा.

शेवटी त्याने बाकावरचा कागद उचलला आणि राहिलेली ओळ स्वतःच वाचली.

"सायरबाई, चोपडा."

शांत...

मग अगदी कानाशी, म्हाताऱ्या बाईच्या आवाजात...

"हं."

दार धाडकन उघडलं. बन्सीलालभाऊ आत कोसळता कोसळता सावरले. दारावर मारून मारून त्यांचे तळवे लाल झाले होते.

"इतला येळ हाका मारी ऱ्हायनू. दार काबर उघाडं नही?" आत कुणीतरी वाचतंय, आणि तेही त्यांच्याच आवाजात, हे त्यांनी बाहेरून ऐकलं होतं. खोलीभर नजर फिरवून त्यांनी हळूच विचारलं, "मझार मना आवाजमा कोन वाची राहिंता?"

मामाने कागद बाकावर टाकला आणि तो बाहेर पडला. त्याने तो छापखाना सोडला. भाऊंनी नंतर कधी कुणाला काही वाचून दाखवलं नाही.

सायरबाई कोण, हयात होत्या की नव्हत्या, मामाने कधी चौकशी केली नाही. तो गेल्यावर मी चोपड्याला जाऊन विचारणार होते.

मामीने माझा हात धरला.

"राहू दे बाई," ती म्हणाली. "तू नाव घेशील, आणि तिने ओ दिली तर?"