जांभळी चौकट

योगराज कटरेनं आयुष्यात पहिल्यांदा स्वतःच्या हौसेसाठी कॅमेरा घेतला. फुलचूरला त्याचा फोटो स्टुडिओ होता. लग्नसराईत दोन दणकट कॅमेरे गळ्यात अडकवून तो नवरानवरीच्या मागे धावे. ते कॅमेरे पोटापाण्याचे. हा नवा मात्र मिररलेस, तळहाताएवढा, जॅकेटच्या खिशात मावणारा. मोठा कॅमेरा दिसला की बाजारातला माणूस लगेच केसांवरून हात फिरवतो, पोट आत घेतो आणि ओळखपत्राच्या फोटोला बसल्यासारखा ताठ होतो. या छोट्याची कुणी दखलच घेत नसे. भाजीवाली भांडत राही, चहावाला जांभई देत राही, आणि योगराजला हवं असायचं ते नेमकं तेच.

कॅमेऱ्यात एक सोय होती. समोर माणूस आला की पडद्यावर त्याच्या चेहऱ्याभोवती पांढरी चौकट उमटे आणि फोकस लागला की बारीक आवाजात टीट-टीट वाजे. एखादा चेहरा आधी नोंदवून ठेवला, तर कितीही गर्दीत कॅमेरा तोच आधी शोधी, आणि त्या चेहऱ्याभोवतीची चौकट जांभळी होई. लग्नात नवरीसाठी ही सोय फार कामाची. योगराजनं नोंदवला तो नीतूचा चेहरा.

नीतू त्याची धाकटी बहीण. सात वर्षांपूर्वी ती गोरेगावच्या आठवडी बाजारातून नाहीशी झाली, तेव्हा वीस वर्षांची होती. मावशीकडे राहून परत निघालेली, भाऊ मोटरसायकलवर घ्यायला येणार म्हणून चिंचेच्या झाडाखाली पानठेल्याजवळ उभी होती, एवढं ठेल्यावरच्या केवलरामनं पोलिसांना सांगितलं. त्यापुढचं कुणालाच ठाऊक नव्हतं. विहिरी पाहून झाल्या, तळी पाहून झाली, रायपूरपर्यंत पत्रकं चिकटवून झाली. आई, पुष्पाबाई, अजूनही रोज तिच्या वाटणीचं ताट वाढून झाकून ठेवी.

एक गोष्ट मात्र योगराजनं कुणालाच सांगितली नव्हती. त्या दिवशी तो जवळच्याच गावात लग्नाचे फोटो काढत होता. नीतूचा फोन आला तेव्हा तो म्हणाला होता, "तिथंच थांब, हलू नको. दहा मिनिटात येतो." आणि तो गेला दीड तासानं. आधी विदाईचे फोटो राहिले होते, मग यजमानांनी जेवायला बसवलं. पोलिसांना, आईला, सगळ्यांना त्यानं सांगितलं की मी लगेच निघालो, पण ती तिथं नव्हती. सात वर्षं हे वाक्य वापरून वापरून गुळगुळीत झालं होतं, तरी रोज निदान एकदा ते टोचायचंच.

यंदा धानाची कापणी सुरू झाली आणि लीलाधरकाका घरी आले. त्यांच्या मुलीचं, चेतनाचं, लग्न ठरलं होतं.

"सात वर्ष झाले, वयनी. सरकारबी मेलाच समजते असा माणूस," काका म्हणाले. "पळसाच्या पानाचा पुतळा करू, क्रिया उरकून टाकू. घरात मंगलकार्य हाय. कवापर्यंत असं लटकून राहाचं?"

"मले दिसली नाई मेलेली," पुष्पाबाई म्हणाली. "दिसन त मानीन."

काका योगराजकडे वळले. "तू बोल. घरातला कर्ता तू हायेस."

योगराजला ते झाकलेलं ताट आता बघवत नव्हतं. कसंही करून हे एकदाचं संपायला हवं होतं. "करून टाकू, काका," तो म्हणाला. आईनं त्याच्याकडे एकदा पाहिलं आणि ती आत निघून गेली.

हार घालायला फोटो लागणार होता. नीतूचा पासपोर्ट फोटो टेबलावर ठेवून योगराजनं तो मोठा करण्यासाठी छोट्या कॅमेऱ्यानं टिपला. हा चेहरा नोंदवायचा का, असं कॅमेऱ्यानं विचारलं. त्यानं हो म्हटलं. हाराचा फोटो तयार करता करता तो तिला शोधायचीही सोय करून ठेवत होता, आणि यातला वेडेपणा त्याचा त्यालाही कळत होता. पण माणसाचा डोळा चुकतो, यंत्राचा कशाला चुकेल, असं त्याच्या मनानं घेतलं.

क्रियेचं सांगायला तो बाजाराच्या दिवशी गोरेगावला मावशीकडे गेला. येताना पाय आपोआप बाजाराकडे वळले. पोत्यांवर बसलेल्या बायका, मिरच्यांचे ढीग, धानाच्या पिवळ्या कोंड्यानं भरलेली हवा. त्यानं चिंचेच्या झाडाकडे कॅमेरा धरला. पडद्यावर दहा-बारा पांढऱ्या चौकटी उमटल्या आणि एकदम सगळ्या विझल्या. मसुरीच्या दाण्याएवढी एकच जांभळी चौकट उरली. टीट-टीट.

त्यानं मान वर केली. चौकट होती तिथं कुणीच नव्हतं. इतकी गच्च गर्दी, पण बुंध्याजवळची तेवढी जागा मोकळी होती.

घरी येऊन त्यानं तो फोटो मोठ्या पडद्यावर पाहिला. झाड धूसर आलं होतं, अलीकडची माणसं धूसर आली होती. मधल्या मोकळ्या हवेत उडणारे कोंड्याचे कण तेवढे सुईनं टोचल्यासारखे स्पष्ट होते. कॅमेरा चुकला नव्हता. त्यानं कशावर तरी फोकस लावला होता.

योगराज अंधश्रद्धाळू नव्हता. त्यानं लेन्स पुसली, सेटिंग्ज पहिल्यापासून लावल्या, ज्याच्याकडून कॅमेरा घेतला त्या नागपूरच्या दुकानदाराला फोन केला. असं होत नाही, असं दुकानदार म्हणाला. रात्रभर योगराज कूस बदलत राहिला आणि दुसऱ्या दिवशी स्टुडिओत एका गिऱ्हाइकाचा फोटो त्यानं तीनदा काढला.

दोन दिवसांनी काकांबरोबर तो नागऱ्याला गेला. महादेवाच्या देवळाजवळ राहणाऱ्या महाराजांकडून क्रियेच्या सामानाची यादी घ्यायची होती. काका बोलत बसले तसा योगराज चुळबुळत बाहेर आला. नको नको म्हणताना हात खिशात गेला. देवळापुढच्या रिकाम्या अंगणात चौकट होती. आता ती शर्टाच्या गुंडीएवढी होती.

"काऊन रे, फोटो कायचा काढून राहिला?" मागून काकांनी विचारलं.

"मंदिराचा, काका."

"मंदिर त तिकडं हाय."

योगराजनं कॅमेरा खाली केला. चेहऱ्याच्या चौकटीवरून अंतर सांगणं हा त्याचा रोजचा धंदा. मसुरीएवढी असताना तीस पावलं. गुंडीएवढी झाली म्हणजे दहा. परतीच्या वाटेवर मोटरसायकलच्या आरशात त्यानं इतक्यांदा मागे पाहिलं की काका ओरडले.

क्रियेच्या आदल्या दिवशी, दुपारच्या लख्ख उन्हात आई अंगणात तांदूळ पाखडत होती. त्यानं आईवर कॅमेरा धरला. आईच्या चेहऱ्याला चौकट आलीच नाही. तिच्या अलीकडे, हवेत, रुपयाच्या नाण्याएवढी जांभळी चौकट स्थिर उभी होती.

"कायले असा पाहून राहिला?" आईनं सूप थांबवलं.

"काई नाई, माय."

"कोणी हाय का इथं?"

"कोणी नाई."

आईनं अंगणावरून सावकाश नजर फिरवली. मग वाटेत पसरलेले पाय तिनं कुणाला तरी जागा द्यावी तसे आखडून घेतले आणि पुन्हा पाखडायला लागली.

योगराजनं तिथंच उभ्या उभ्या नोंद पुसून टाकली. नोंदवलेले चेहरे: एकही नाही. त्यानं कॅमेरा पुन्हा डोळ्यासमोर धरला.

चौकट जांभळीच होती. नाण्यापेक्षा थोडी मोठी.

दुसऱ्या दिवशी सकाळी नदीवर पळसाच्या पानांचा पुतळा जळाला. पानं ओली होती, धूर फार झाला. योगराजनं अग्नी दिला. आई आली नव्हती.

दुपारी घरी पाटावर नीतूचा मोठा फोटो ठेवला. मावशीनं झेंडूचा हार घातला. पाव्हण्यांच्या पंगती बसल्या. आई भिंतीला टेकून बसली होती. ती रडत नव्हती.

"एक फोटो घेऊन घे रे," काका म्हणाले. "आठवण राहीन."

सगळ्यांसमोर नाही कसं म्हणायचं? त्यानं कॅमेरा काढला आणि पाटावरच्या फोटोवर धरला.

फोटोतल्या चेहऱ्याला चौकट आली नाही. पांढरीसुद्धा नाही.

मग पडद्याच्या चारही कडांना जांभळी रेघ उमटली. चौकट पडद्यात मावत नव्हती. इतक्या जवळचा चेहरा लेन्सला पकडता येत नाही. मोटर पुढे-मागे किरकिरत राहिली, फोकस लागला नाही, टीट-टीट वाजलं नाही.

त्यानं बटण दाबून कॅमेरा बंद केला. समोर फक्त पाट होता, फोटो होता, उदबत्तीचा धूर होता. नाकापुढची हवा तेवढी गार लागत होती.

"योगराज." आईनं भिंतीकडून हाक मारली. तो कसाबसा तिच्यापाशी जाऊन बसला. पंगतीतला गलबला चालू होता. तेवढ्यातून फक्त त्याला ऐकू येईल इतक्या हळू ती बोलली.

"तुनं नीतूले हलू नको म्हणून सांगतलं होतं का?"

सात वर्षांत हे शब्द त्यानं कुणापुढे उच्चारले नव्हते. "तुले कोणं सांगतलं, माय?"

"मी तिले इचारलं, कवापासून येऊन राहिली वं, रस्त्यानं थकली असशीन." आईनं त्याच्या खांद्यामागे पाहिलं. तिच्या चेहऱ्यावर त्याच्याबद्दल राग नव्हता, जायला निघालेल्या माणसाकडे पाहावं तशी दया होती. "थे म्हणते, मी कुटंच नाई गेली. भाऊनं सांगतलं तिथंच उभी हाओ. भाऊच जवळ येऊन राहिला."

योगराजच्या मुठीतल्या बंद कॅमेऱ्याची मोटर एकदा किरकिरली, थांबली, आणि बारीक आवाज आला. टीट-टीट.