प्लग काढल्यानंतर

हे खरं घडलंय. पटत नसेल तर सोडून द्या, माझा आग्रह नाही. पण माझा मामा थापा मारायला लागला की त्याचे कान लाल होतात, हे आख्ख्या घराला माहीत आहे. हे सांगताना त्याचे कान पांढरेफटक पडले होते.

सुट्टीचा दिवस. टळटळीत दुपार. दुकानाचं शटर अर्धं खाली.

दुकान रेडिओ-अ‍ॅम्प्लिफायर दुरुस्तीचं. मामाच्या थोरल्या भावाने, अण्णांनी, उभं केलेलं. जोडीला त्यांचा जिवलग मित्र. त्याला सगळे पार्टनरच म्हणायचे. मामा या दोघांच्या हाताखाली काम करायचा.

गेल्या वर्षी अण्णा त्याच टेबलावर शॉक लागून गेले. पार्टनर तेव्हा सामान आणायला बाजारात होता. दुकानात अण्णा एकटेच होते... असं पार्टनरच म्हणाला.

आणि आता वहिनी, म्हणजे अण्णांची बायको, त्याच पार्टनरशी लग्न करणार होत्या. मामानेच घरोघर फिरून सगळ्यांना समजावलं होतं. "अहो, त्यांनी एकटीने किती दिवस काढायचे?" लग्न अगदी तोंडावर आलं होतं.

त्याआधी अण्णांचं अर्धवट राहिलेलं काम पुरं करावं, असं मामाच्या मनात आलं. हेडफोनसाठीचा छोटा अ‍ॅम्प्लिफायर. आखणी अण्णांची, पॉवर सप्लायचा ट्रान्सफॉर्मर अण्णांनीच हाताने गुंडाळलेला. मामाने उरलेल्या वायरींना सोल्डरिंगचे टाके मारले, फोन जोडून गाणं लावलं. आवाज इतका स्वच्छ, की गडी जाम खूश!

मग त्याने प्लग काढला.

प्लग काढला तरी असं यंत्र लगेच गप्प होत नाही. पॉवर सप्लायच्या कपॅसिटरमध्ये थोडी वीज साठलेली असते. ती संपेपर्यंत गाणं चालू राहतं, बारीक होत होत थांबतं.

गाणं थांबलं.

आणि त्याच्या मागून...

"बंद?"

अण्णांचा आवाज!

मामाने हेडफोन फेकलाच. मग स्वतःवरच चिडला. "भास रे, दुसरं काय!" त्याने फोनची वायर उपटली. आता आत गाणं जायचा प्रश्नच नव्हता. पुन्हा प्लग लावला, पुन्हा काढला.

"बंद?"

एखादं रेडिओ स्टेशन आत शिरत असेल, पत्र्याने ते अडेल, म्हणून त्याने सगळी जोडणी बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यात बसवली. प्लग लावलेला असेपर्यंत शुकशुकाट. काढला की...

"बंद?"

आता हा शब्द काय, ते सांगते. दुकानात एक शिस्त होती. टेबलावरचा माणूस वायरीला हात लावण्याआधी विचारणार, "बंद?" बटणापाशी उभा असलेला बघून सांगणार, "बंद." ते उत्तर आल्याशिवाय अण्णा वायरीला बोट लावत नसत.



एकटा माणूस हे कुणाला विचारेल?

त्या शब्दानंतर आणखी काहीतरी होतं. पण नेमकी तिथेच वीज संपायची. मग मामाने जरा मोठा कपॅसिटर लावला. साठा जास्त, वेळ जास्त. शटर पूर्ण खाली ओढलं. प्लग काढला.

"बंद?"

मध्ये कुणाचा तरी श्वास...

"बंद."

पार्टनर. कानात येऊन बोलावं इतकं स्पष्ट.

दुसऱ्या दिवशी पार्टनर नेहमीसारखा शीळ घालत आला. "काय रे, चेहरा का उतरलाय तुझा?"

"अण्णा गेले तेव्हा तू बाजारात नक्की कुठे होतास?"

पार्टनर हसला. मग हसायचा थांबला.

"आता ते उकरून काय मिळणार आहे तुला?"

झालं! मामाचा जीव कासावीस झाला. आपणच वहिनींना या माणसाच्या घरात ढकलतोय. पण सांगणार काय? डब्यातून आवाज येतो म्हणून? लोक वेड्यात काढतील.

शेवटी त्याने वहिनींनाच दुकानात बोलावलं. फक्त एवढंच म्हणाला, "वहिनी, हे जरा ऐका."

त्यांनी हेडफोन चढवला. मामाने प्लग काढला.

वहिनी ऐकत राहिल्या. डोळेसुद्धा हलले नाहीत. मग सावकाश हेडफोन काढून टेबलावर ठेवला.

"काही ऐकू नाही आलं, भाऊजी."

"काहीच नाही?"

"नाही."

पर्स उचलून त्या शटरपाशी गेल्या. तिथे थांबल्या... मागे न बघता.

"भाऊजी, याच्याहून मोठा कपॅसिटर लावू नका."



कपॅसिटर बदलल्याचं मामाने कुणालाच सांगितलं नव्हतं. आणि वहिनींना तर साधा बल्ब बदलता येत नव्हता. निदान आम्हाला तरी तसंच वाटत होतं.

लग्न झालं. मामा गेला, जेवला, घरी आला. दुसऱ्या दिवसापासून त्याने दुकान सोडलं. तो पत्र्याचा डबा आता आमच्या माळ्यावर आहे, आणि त्याच्यासाठी आणलेला आणखी मोठा कपॅसिटर मामाच्या कपाटात, पाकीटही न फोडलेला.

मी एकदा चिडूनच विचारलं, "अरे, मग लावून बघ ना एकदाचा! सोक्षमोक्ष तरी लागेल."

मामाने कपाटाचं दार लावून घेतलं.

"बंद कोण म्हणालं, ते मला कळलंय," तो म्हणाला. "त्याच्या शेजारी कोण उभं होतं, ते ऐकायची माझी छाती नाही गं."