तळ्याकाठची उसनवारी

ज्ञानोबांचे हिंमतराव, हिंमतरावांचे पद्माकर आणि पद्माकरांचा नचिकेत. साताऱ्याच्या या घराण्यातील पुरुषांची मान ताठ आणि कंबर त्याहून ताठ. खाली पडलेले उचलायला त्यांच्यापाशी सदैव दुसरे कोणी असे. हे कुटुंब दिल्लीतल्या द्वारकेच्या नव्याकोऱ्या सोसायटीत राहायला आले, तेव्हा मेट्रो अजून कागदावरच होती आणि कुंपणामागे जुन्या गावाचे तळे निळेशार होते.

एका सकाळी नचिकेतच्या अल्सेशियनने, म्हणजे सुभेदाराने, पावसाळी नालीच्या तोंडाशीच कार्यभाग उरकला. नचिकेत शीळ घालत पुढे निघाला.

"पाहिलंस ना, बुंदी?" मागून येणारी, त्याच सोसायटीतली रेवती आपल्या पॉमेरियनला मराठीत म्हणाली. दिल्लीत हे कोणाला कळणार, हा तिचा भरवसा! "नवाबसाहेब निघाले. पाऊस आला की यांचा हा नजराणा थेट तळ्यात!"

नचिकेत वळला. "नवाब नाही... सातारकर."

रेवतीचे कान तापले. पण माघार घेईल ती रेवती कसली! "अच्छा! मग उचला, सातारकर."

"कागद... नाहीये."

तिने आपल्याजवळचा कागद काढला, वाकली, उचलले आणि कचरापेटीत टाकले. "ही उसनवारी झाली हं. फेडायची."

"आत्ताच फेडतो की! बुंदीला सांगा ना—"

"बुंदी तुमच्या सोयीनं बसत नाही."

त्या दिवसापासून नचिकेतच्या खिशात कागद आला. रोजची फेरी लांबत गेली. तळ्यावर खंड्या सूर मारी, आणि दोघांची नजर पाण्यावरून एकमेकांकडे वळे...

"रेवती, बाबांना घेऊन घरी येऊ?" एके दिवशी त्याने विचारले.

तिला हेच हवे होते. तरी ती म्हणाली, "या. पण बाबांच्या देखत वाकाल? नाहीतर त्या घरात जन्मभर मी एकटीच वाकेन."

"रविवारी येतो," एवढेच म्हणून नचिकेत सुभेदाराला घेऊन निघाला. वाकण्याचा प्रश्न त्याने टाळला, हे तिला फार लागले.

रविवारी पद्माकर आले. काखेत पुण्याहून टपालाने येणारे वर्तमानपत्र, ज्याला घरात दुसऱ्याने हात लावायचा नाही! रेवती बुंदीसह सामोरी गेली आणि बुंदी नेमकी नालीच्या तोंडाशी बसली. वर ढग गडगडले.

"अरे, माळ्याला हाक मार," पद्माकर म्हणाले.

नचिकेतने खिसे चाचपले. नवी पँट, खिसे रिकामे. रेवतीच्या मुठीत कागद होता. तिने मूठ मागे नेली.

"बाबा... तुमचा पेपर द्या."

"हा? पुण्याचा?"

"हो. पाऊस येतोय. सगळं तळ्यात जाईल."

पद्माकरांनी मुलाकडे पाहिले, तळ्याकडे पाहिले. मग सावकाश एक पान वेगळे केले. "घे. अग्रलेख मात्र मिळायचा नाही."

आणि नचिकेत वाकला! वडिलांच्या देखत, भर चौकात, अगदी गुडघ्यापर्यंत. कचरापेटीचे झाकण लागले तोच टपोरे थेंब आले आणि नालीतून निर्मळ पाणी तळ्याकडे धावले.

"मग... उत्तर?" त्याने हळूच विचारले.

रेवतीने मुठीतला कागद पुढे केला. "आधी हात पूस."

तिच्या तोंडचे ते पहिले 'तू' ऐकून तो जागीच खिळला.

"बघतोस काय? चल वर, पोहे गार होताहेत," ती हसली. "आणि उसनवारी... पुरती फिटली."