आप्पांच्या सेतूतली ठिगळं

स्मृतिसेतू बसवलेली माणसं आता सांगलीत घरोघर होती. त्यामुळे आप्पा होवाळ उंबऱ्यात एक पाय उचलून तसेच उभे राहिले, तेव्हा शेजारणीला नवल वाटलं नाही. "सेतू अडलाय गं त्यांचा," ती म्हणाली. चित्रलेखानं वडिलांना हाताला धरून आत नेलं आणि दुसऱ्या दिवशी डॉक्टर मुजावरांकडं घेऊन गेली.

झटका येऊन मेंदूचा एखादा भाग निकामी झाला की त्याचं काम करणारी चिप म्हणजे स्मृतिसेतू. उरलेल्या आठवणी ती जुळवते आणि त्यांच्या आधारानं माणसाला चालतं-बोलतं ठेवते. आप्पांना झटका आला तो बायको गेली त्याच दिवशी. ती गेल्याची आठवण मेंदूत उमटलीच नव्हती. "इंदू कुठाय?" असं ते रोज विचारत, खरं ऐकून कोसळत, आणि सकाळी पुन्हा विचारत. ती आठवण सेतूत हळूहळू, महिनोन्‌महिने रुजवायला हवी होती. पण मुजावरांच्या गटापुढं इतर रोग्यांची रांग होती, आणि चित्रलेखाला आप्पांचं रडणं बघवत नव्हतं.

"तात्पुरतं काहीतरी घाला, डॉक्टर," असं तीच म्हणाली होती.

मुजावरांनी सेतूत एक ठिगळ लावलं: इंदू विट्याला बहिणीकडं गेलीय. नीट दुरुस्ती नंतर करू, असं दोघांचंही ठरलं.

मग ती फोन का करत नाही, म्हणून दुसरं ठिगळ. दिवाळीला का आली नाही, म्हणून आणखी एक. विट्याची बहीण वारली तेव्हा तर एकदम कितीतरी. गटातली माणसं बदलत गेली. नव्यांना जुनी ठिगळं उसवायची भीती वाटे, म्हणून ते त्यांच्यावरच नवी लावत.

"आता सेतूची सगळी ताकद ही खोटी ठिगळं एकमेकांशी जुळवण्यात जाते," मुजावर म्हणाले. "चालायला उरत नाही. पुढं गिळायलाही उरणार नाही."

"मग काढून टाका ना सगळी."

"काढली तर एवढ्या वर्षांचं खरं एका क्षणात अंगावर येईल. त्यांचं हृदय टिकणार नाही, ताई."

"दुसरा उपाय?"

"सगळी ठिगळं एकाच गाठीला शिवलेली आहेत. ती गाठ काढली की ठिगळं आपोआप गळून पडतील."

"कसली गाठ?"

"तुमची आई."

"तेव्हाच तुम्ही मला नाही म्हणायला हवं होतं," चित्रलेखा म्हणाली.

"हो," मुजावर म्हणाले.

तिनं संमती दिली. घरी येऊन आईचे फोटो उतरवले.

आप्पा थोड्याच दिवसांत खडखडीत झाले. मुजावर बघायला आले, तेव्हा आप्पा अभिमानानं सांगू लागले, "हिला आई नव्हती. मी एकट्यानं वाढवली." रिकामी जागा सेतू आपणच भरून घेतो, असं मुजावरांनी निघताना चित्रलेखाला समजावलं. आईचा विषय मात्र घरात काढायचा नाही, नाहीतर पुन्हा सगळं अडेल.

त्या रविवारी आमटीचा पहिला भुरका घेऊन आप्पा म्हणाले, "काय चव आहे गं चित्रा. कुणी शिकवली तुला?"

जन्मात कधी चुलीपाशी न बसलेल्या वडिलांकडं ती बघत राहिली.

"तुम्हीच, आप्पा."

"तरीच," ते खुशीनं म्हणाले आणि वाटी पुढं केली. तिनं आणखी एक पळी वाढली.