कोणती जोडी चांगली?

तोच तबल्याचा तुकडा अकराव्यांदा वाजला, तेव्हा गोजराने वेणी तशीच सोडली, तरातरा वरचा मजला गाठला आणि दार वाजवलं. सकाळची ड्युटी करून आलेल्या टेलिफोन ऑपरेटरला दुपारी घटकाभर डोळा लागतो, तोही या माणसाला बघवत नव्हता.

दार उघडलं कमळाकरने. कारखान्यात पहिल्या पाळीला जाणारा, वाशीच्या या इमारतीत नुकताच राहायला आलेला.

"आवाज कमी करा. नाहीतर निदान पुढचं तरी लावा."

"सॉरी... मामांनी बोटीवरून नवे स्पीकर आणलेत, जपानी. जुन्यांशी ताडून बघतोय." तो घुटमळला. "तुम्ही टेलिफोनमध्ये ना? तुमचे कान तयार असणार. दोन मिनिटं ऐकता?"

कमरेएवढे नवे खोके, शेजारी जुनी प्लायवूडची जोडी. गोजराने एकदाच ऐकलं. "नवी चांगली. जुन्यात सगळं गोधडीखालून आल्यासारखं वाटतं."

खरं तर विषय इथेच संपला होता. पण दुसऱ्या दिवशी हा जिन्यात हजर. "आज खोके भिंतीपासून हातभर पुढे घेतलेत... ऐकता?" तिसऱ्या दिवशी खोक्यांखाली पाट. मग सतार, मग बासरी. गोजरा वैतागून वर जायची, वैतागून चहा प्यायची, वैतागूनच खाली यायची. वर जाताना केसांत अबोली कशाला, हे कुणी विचारलं नाही म्हणून बरं.

असा महिना गेला. एका शुक्रवारी तिने कप खाली ठेवला.

"रविवारी उरणचा मुलगा येतोय मला बघायला. या वेळी आई नाही म्हणू देणार नाही."

कमळाकरचा हात बटणावरच राहिला. "रविवारी... मग उद्या एकदा शेवटचं ऐकून घ्याल?"

गोजराला रडू आलं आणि रागही आला. त्यातल्या त्यात राग सोपा होता.

शनिवारी ती घरून चादर घेऊनच आली. दोन्ही जोड्या झाकल्या आणि मागे जाऊन बसली. "आज तुम्ही ऐका. वायरी मी बदलते. सांगा, कुठली?"

"नवी."

"चूक. आता?"

"जुनी... नाही, थांबा — नवी?"

पाचपैकी चार वेळा चुकला. गोजरा चादरीमागून बाहेर आली. "तुम्हाला फरक कळतच नाही."

"नाही कळत. म्हणून तर त्या दिवशी अकरा वेळा लावलं." त्याने मान खाली घातली. "मग तुम्ही आलात. परत यावंत म्हणून रोज काहीतरी काढत होतो. पण तुम्ही तर पहिल्याच दिवशी उत्तर दिलं होतंत. तरी येत होतात."

"वैतागून येत होते."

"हो ना. वाटलं, विचारलं तर वैतागून नाही म्हणाल."

"मग विचारून तरी बघायचं."

"लग्न कराल... माझ्याशी?"

"एवढं बोलायला महिना? करीन. चला खाली, हेच आईसमोर बोला."

"आत्ता? शर्ट तरी बदलतो —"

"कमळाकर," ती म्हणाली. नाव घेतलं ते पहिल्यांदाच.

तो आहे त्याच शर्टात निघाला. जिन्याच्या वळणावर त्याचे पाय अडखळले, तेव्हा तिने सरळ त्याचा हात धरला. घराचं दार उघडंच होतं. तिची आई, गिरजाबाई, तांदूळ निवडत बसल्या होत्या.

"काय गो, ह्याला कुठं आनलास?"

आईची नजर हातांवर गेली. कमळाकर हात सोडवू लागला. गोजराने सोडला नाही.