उरलेला एकच निरोप

"दर्शना, चोरी झाली. घरातच!"

गंगाराम गुरुजींचा फोन आला आणि दर्शना देवरूखच्या बाजारातलं आपलं कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान बंद करून निघाली. ज्यांनी पाढे शिकवले, त्यांना 'उद्या येते' म्हणता येत नाही.

गुरुजींच्या पत्नी प्रेमलाकाकींनी शेवटच्या आजारात मुंबईहून आवाजातले दहा निरोप पाठवले होते. बाराव्याच्या दिवशी गुरुजींनी ते कॉम्प्युटरवर उतरवले. पुढे गुरुजींचा फोन बिघडला. आता डाउनलोड्समध्ये एकच निरोप होता, कुळथाच्या पिठीचा.

"हिनंच पुसलान!" गुरुजींनी सुनेकडे बोट दाखवलं. "आपल्या कामाचा तेवढा ठेवलान."

"मी नाय हो पुसले," श्रुती रडवेली झाली. "चार दिवस माझ्या हातचं जेवत नाहीत."

दर्शनाने पाहिलं. रिसायकल बिन रिकामं. दोन महिन्यांपूर्वी काठोकाठ भरलेला सी ड्राइव्ह आता निम्मा मोकळा.

"गुरुजी, आणखी काय गेलं?"

"जुनी परिपत्रकं. ती कधीचीच दिसत नाहीत."

"राहिलं काय?"

"वीजबिल. परवाच बघितलेलं."

"काकींचे निरोप शेवटचे कधी ऐकलेत?"

गुरुजी खिडकीबाहेर बघू लागले. "एकदाही नाय. धीर झाला नाय गो."

"आणि वहिनी, तुम्ही?"

"पिठीचा ऐकते. बाबा बाहेर गेले की. आईंसारखी जमत नाय ना."

दर्शनाने सेटिंग उघडलं.

"चोर सापडला, गुरुजी. मीच."

तिने पडद्यावरच्या एका बटणाकडे बोट दाखवलं.

"निरोप उतरवायला सी ड्राइव्हवर जागा नव्हती, म्हणून तुम्ही मला बोलावलंत. डी ड्राइव्ह अख्खा रिकामा होता, पण सामान तिकडे हलवायचा मी कंटाळा केला. एक बटण चालू केलं आणि गेले. डाउनलोड्समधलं जे साठ दिवस कुणी उघडणार नाही, ते मशीनने आपोआप पुसायचं. परिपत्रकं आधीपासूनच न उघडलेली, ती तेव्हाच गेली. निरोप साठ दिवसांनी. तुम्हाला मी विचारलंही नाही. पिठीचा निरोप वहिनी उघडत राहिल्या, म्हणून तो वाचला. त्यांनी पुसला नाही, राखला."

"बाकीचे परत येतील?"

"नाही, गुरुजी." तिला मान वर करवेना.

मग गुरुजी सुनेकडे वळले. "चुकलो मी. लाव तो."

काकींचा थकलेला आवाज आला. "श्रुती, पीठ गार पाण्यात कालव हां, नायतर गुठळ्या होतात. आणि वाढल्यावर जरा जवळ बस. ह्यांना एकट्यानं जेवण जात नाय."

गुरुजींनी डोळे पुसले.

"आज पिठी कर," ते म्हणाले. "आणि दर्शना, तूही जेवून जा."